लीलावतीचे कर्ते भास्कराचार्य

गोदावरी नदी नाशिकजवळ उगम पावते आणि मराठवाड्याची भूमी भिजवीत नांदेडला येते. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूरच्या परिसरातून वाहते व पुढे गोदावरीलाच मिळते. या दोन नद्यांच्या खोऱ्यांत नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्य राजांचे राज्य होते. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. ते निलंग्यापासून फार दूर नाही. नांदेड जिल्ह्यातील होट्टल येथील देवालये आणि निलंग्याचे नीलकंठेश्वराचे मंदिर पाहिले, म्हणजे त्या काळच्या कारागिरांचे कौशल्य आजही डोळ्यांत भरते. दगडावर दगड रचून शिखर उभारावयाचे, तर लांबी, रुंदी व उंची यांचे माप अचूक हवे. बाजारात धान्य मोजावयाचे, सोने तोलावयाचे, कर्जाचे व्याज आकारावयाचे, तर हिशेब चोख हवा. पंचांग करावयाचे, तर सूर्यचंद्रांची गती ठाऊक हवी. गणित असे सर्वांच्या जीवनात भरलेले होते. परंतु गणिताचे ग्रंथ मात्र संस्कृत श्लोकांत, सूत्ररूपाने लिहिलेले, विस्तृत आणि नवशिक्याला दुर्बोध असे होते. ते ज्ञान सुबोध करून नवशिक्याच्या हाती देणारा एक थोर आचार्य याच काळात जन्मास आला. त्याचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेविले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे त्यांचे गाव. हे गाव आजचे कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते चाळीसगावजवळील पाटणच्या परिसरात मानतात, कोणी मराठवाड्यातील बीड म्हणजेच ते गाव असे म्हणतात, तर कोणी विजापूरकडे बोट दाखवितात. परंतु त्यांच्या घराण्याची माहिती मात्र दगडावर कोरलेली आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेखात या घराण्याच्या अनेक पिढ्यांची नावे दिली आहेत. भास्कराचार्यांचे एक पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. त्या कुळात विद्या हेच धन होते व तेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी होते. तेच त्यांचे गुरू. आपणास जे काही ज्ञान लाभले ते पित्याच्या चरणांपाशी बसून लाभले, हे भास्कराचार्यांनी कृतज्ञतेने सांगितले आहे. लहानपणी त्यांनी व्याकरण, काव्य, ज्योतिष व गणित यांचा अभ्यास केला. आर्यभट, ब्रह्मगुप्त, लल्ल, श्रीधर, पद्मनाभ अशा पूर्वाचार्यांचे ग्रंथ त्यांच्यापुढे होते. हे ग्रंथ त्यांनी आदराने वाचले. पण केवळ आदराने वाचले नाहीत. प्रत्येक नियमाच्या मागे कारण काय, हे त्यांनी शोधून पाहिले. जेथे कारण पटले तेथे पूर्वाचार्यांचा गौरव केला, आणि जेथे चूक दिसली तेथे ती स्पष्टपणे दाखविली. ग्रंथ कितीही जुना असला आणि ग्रंथकार कितीही थोर असला, तरी गणितात शेवटचा शब्द युक्तीचा, हा धडा त्यांनी तरुणपणीच आत्मसात केला होता.

या अभ्यासातून त्यांना एक गोष्ट जाणवली. ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचे बीजगणितावरील ग्रंथ फार विस्तृत आहेत. शिष्यांना त्यांतून सार काढणे कठीण जाते. तेव्हा त्या सर्वांचे सार घेऊन, त्याला युक्तीची जोड देऊन, शिष्यांना समाधान होईल असा ग्रंथ रचावा, असे त्यांनी मनात योजिले. इ. स. ११५० मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग अंकगणित व भूमिती यांचा, दुसरा अव्यक्त राशींचा, तिसरा ग्रहांच्या गतीचा आणि चौथा पृथ्वी व आकाश यांच्या रचनेचा आहे. शिष्याला हाताला धरून अंगणापासून आकाशापर्यंत न्यावे, अशीच ही योजना आहे.

यांपैकी लीलावतीने भास्कराचार्यांचे नाव घरोघर पोहोचविले. गणिताच्या ग्रंथाला असे गोड नाव देणारा ग्रंथकार विरळा. या नावाविषयी एक कथा लोकांत रूढ आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा योग एकाच मुहूर्तावर होता. तो मुहूर्त चुकू नये म्हणून आचार्यांनी पाण्यावर घटिकापात्र ठेविले. त्या पात्राच्या तळाला बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत येऊन पात्र बुडाले, म्हणजे एक घटिका झाली असे समजतात. कुतूहलाने लीलावती पात्रात वाकून पाहू लागली. तोच तिच्या अलंकारातील एक मोती निसटून पात्रात पडला व त्याने छिद्र बुजले. पाणी आत येईना, पात्र बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी कन्येचे मन रमावे व तिचे नाव चिरकाल राहावे, म्हणून पित्याने तिच्या नावाने हा ग्रंथ रचला, असे ती कथा सांगते. ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या आरंभी आली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात किंवा पाटणच्या शिलालेखात तिचा उल्लेख नाही. म्हणून तिला इतिहास न मानता लोककथाच मानले पाहिजे. मात्र लीलावतीचे श्लोक वाचताना आचार्य कोणा प्रिय शिष्याशी बोलत आहेत, असे वाटते हे खरे. कधी ते हरिणाक्षी बालेला प्रश्न विचारतात, कधी मित्राला, तर कधी हिशेबात तरबेज असलेल्या व्यापाऱ्याला.

लीलावतीत आचार्यांनी विषयाची मांडणी कशी केली आहे, हे पाहण्यासारखे आहे. आरंभी गणेशाचे वंदन करून ते लगेच रोजच्या व्यवहारातील मापे सांगतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, हे नाण्यांचे कोष्टक. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड आणि दोन हजार दंडांचा एक कोस, हे लांबीचे कोष्टक. ज्या वस्तू मुलाने पाहिल्या आहेत, हाताळल्या आहेत, तेथूनच त्याच्या शिक्षणाचा आरंभ करावा, हे तत्त्व त्यांनी येथे पाळले आहे. त्यानंतर एक, दहा, शंभर, सहस्र अशी परार्धापर्यंतची अठरा स्थाने येतात. प्रत्येक स्थान मागच्याच्या दसपट. मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ ही आठ परिकर्मे. पुढे अपूर्णांक, शून्य, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळ, धान्याच्या राशी, छाया इत्यादी विषय क्रमाक्रमाने येतात. पायरी चढल्याशिवाय पुढची पायरी नाही आणि एकही पायरी अकारण उंच नाही.

त्रैराशिकाचे उदाहरण घ्या. तीन सप्तमांश निष्काला अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती मिळेल, असा प्रश्न आचार्य विचारतात. नऊ निष्कांत तीन सप्तमांश किती वेळा जातो, ते पाहावे. तो एकवीस वेळा जातो. म्हणून अडीच पलांची एकवीस पट, म्हणजे साडेबावन्न पल केशर मिळेल. तीन गोष्टी ठाऊक असल्या, म्हणजे चौथी काढता येते. म्हणून याला त्रैराशिक म्हणतात. परमेश्वराने जसे सारे विश्व व्यापले आहे, तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे, अशी थोरवी आचार्यांनी या रीतीची गायिली आहे.

नुसत्या अंकांनी नवशिक्याचे मन कंटाळते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी आपली उदाहरणे निसर्गातून, पुराणांतून व लोकव्यवहारातून घेतली. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला व तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर गेला. या दोन संख्यांच्या वजाबाकीची तिप्पट कुड्याच्या फुलावर गेली. एक भुंगा मात्र दोन सुगंधांच्या ओढीने आकाशातच घिरट्या घालीत राहिला. तर एकूण भुंगे किती? उत्तर आहे पंधरा. तीन कदंबावर, पाच शिलींध्रावर, सहा कुड्यावर आणि एक आकाशात. दुसरे उदाहरण एका यात्रेकरूचे आहे. त्याने आपल्याजवळील द्रव्याचे अर्धे प्रयागास दिले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीस खर्चिले. उरलेल्याचा चौथा भाग वाटेत जकातीत गेला. उरलेल्यापैकी सहा दशमांश गयेस दिले. तरीही त्याच्याजवळ ६३ निष्क उरले. तर तो घरून किती द्रव्य घेऊन निघाला होता? उत्तर ५४० निष्क. अशी उदाहरणे सोडविताना विद्यार्थी आधी चित्र पाहतो, मग त्यात दडलेली संख्या शोधतो. शोधण्याचा आनंद त्याला मिळतो आणि गणिताचे भय आपोआप नाहीसे होते.

भूमितीतही त्यांची हीच रीत आहे. काटकोन त्रिकोणात दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते. हा नियम कोरडा ठेवला, तर पाठ होईल. पण मनात रुजणार नाही. म्हणून आचार्य शिष्याला एका सरोवराकाठी नेतात. पाण्याच्या वर अर्धा हात डोकावणारी कमळाची कळी आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलते आणि दोन हात अंतरावर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? देठाची लांबी बदलत नाही, एवढी एकच गोष्ट ध्यानात आली, की उत्तर हाती येते : पावणेचार हात. दुसऱ्या उदाहरणात ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो व त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर भूमीला टेकतो. तो किती उंचीवर मोडला? बारा हातांवर. पाण्यात न उतरता खोली मोजणे आणि वेळूवर न चढता त्याची उंची सांगणे, हे केवळ विचाराच्या बळावर घडते. छायेच्या प्रकरणात तर साधी काठी व तिची सावली यांवरून मोठी मापे काढण्याची विद्या आहे. समजा, बारा अंगुलांच्या काठीची सावली सोळा अंगुले पडली आणि त्याच वेळी जवळच्या झाडाची सावली चाळीस हात भरली. काठी आपल्या सावलीच्या पाऊणपट आहे. म्हणून झाडही आपल्या सावलीच्या पाऊणपट, म्हणजे तीस हात उंच आहे. कोणत्याही शाळेच्या अंगणात, सूर्य तळपत असताना, हा प्रयोग करून पाहता येतो.

नियम कोठे लागू पडतो हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच तो कोठे लागू पडत नाही हे सांगणेही आवश्यक असते. चौकोनाच्या केवळ चार बाजू दिल्या, तर त्याचे क्षेत्रफळ निश्चित सांगता येईल काय? पूर्वीच्या काही ग्रंथांत तसे नियम दिलेले होते. भास्कराचार्यांनी त्याला ठाम विरोध केला. चार काड्या टोकांशी सैल बांधून चौकट करावी आणि तिचे समोरासमोरचे दोन कोपरे दाबावे. बाजू त्याच राहतात; पण चौकट चपटी होत जाते व आतील जागा कमी होत जाते. म्हणजे कर्ण किंवा लंब सांगितल्यावाचून क्षेत्रफळ निश्चित होत नाही. तो न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि त्याचे उत्तर देणाऱ्यालाही आचार्यांनी पिशाच्चांच्या पंक्तीला बसविले आहे! विनोदाच्या आडून त्यांनी शिष्याला मोलाची शिकवण दिली. प्रश्न पुरा आहे की नाही हे आधी पाहावे. उत्तराची घाई करू नये.

शून्याचा विचार त्यांनी विशेष खोलवर केला. शून्य मिळविले किंवा वजा केले तरी संख्या बदलत नाही. शून्याने गुणिले तर शून्यच उरते. पण शून्याने भागिले तर? एक भाकरी अर्ध्या-अर्ध्या भाकरीच्या वाट्यांत वाटली, तर दोघांना पुरते. पाव-पाव वाटली, तर चौघांना पुरते. वाटा जितका लहान करीत जावे, तितकी घेणाऱ्यांची संख्या वाढत जाते. वाटा शून्याजवळ गेला, की त्या संख्येला अंतच राहत नाही. शून्याने भागलेल्या राशीला आचार्यांनी खहर असे नाव दिले. तीत काही मिळविले किंवा तीतून काही काढले, तरी ती बदलत नाही. जसे प्राणिमात्र उत्पन्न झाले किंवा लय पावले, तरी अनंत परमेश्वरात काही फरक पडत नाही, असा दृष्टान्त त्यांनी बीजगणितात दिला. आजचे गणिती शून्याने भागणे हे परिकर्मच निषिद्ध मानतात. तथापि ज्या प्रश्नापाशी आल्यावर मन थबकते, त्याला धैर्याने सामोरे जाण्याचे श्रेय भास्कराचार्यांना दिलेच पाहिजे.

बीजगणितात ज्ञात नसलेल्या राशींना अक्षरांनी किंवा रंगांच्या नावांनी संबोधून त्यांचे मूल्य काढण्याच्या रीती आहेत. त्यांतील चक्रवाल पद्धती जगप्रसिद्ध झाली. या पद्धतीचे मूळ त्यांच्या पूर्वीचे असले, तरी भास्कराचार्यांनी तिला पूर्णत्व दिले. एका वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्गच मिळावा, अशा पूर्ण संख्या कोणत्या, हा प्रश्न त्यांनी उदाहरणादाखल घेतला. दिसावयास तो किती साधा! परंतु त्यातील सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० व १७६६३१९०४९ असे आहे. फ्रान्समधील फेर्मा या गणितज्ञाने हाच प्रश्न इ. स. १६५७ मध्ये युरोपातील विद्वानांपुढे ठेविला. त्याच्या पाचशे वर्षे आधी भारतात त्याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या ग्रंथात आलेले होते.

गोलाध्यायात भास्कराचार्य शिष्याची दृष्टी अंगणातून आकाशाकडे वळवितात. पृथ्वी कशावर टेकली आहे, हा प्रश्न फार प्राचीन आहे. कोणी शेष सांगे, कोणी दिग्गज सांगे. आचार्यांनी त्याचा शांतपणे विचार केला. पृथ्वीला एक आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा हवा, आणि याला शेवट नाही. शेवटी एखादी वस्तू स्वतःच्या शक्तीने राहते असे मानावेच लागते. मग ती शक्ती पृथ्वीतच का मानू नये? पृथ्वीच्या ठायी ओढून घेण्याची शक्ती आहे, तिच्यामुळे वर फेकलेली जड वस्तू खाली येते व ती पडली असे आपणास वाटते, असे त्यांनी सांगितले. पृथ्वी गोल असेल, तर ती सपाट कशी दिसते? वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळच दिसतो; पृथ्वी तर प्रचंड आणि माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. असे उत्तर ऐकून कोणत्या मुलाचे समाधान होणार नाही?

गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सांगण्यात लल्लासारख्या मान्यवर आचार्याची चूक झाली होती. भास्कराचार्यांनी ती दाखविली आणि गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हा खरा नियम सांगितला. तो पटवून देण्यासाठी त्यांनी मातीचा किंवा लाकडाचा गोल करावयास सांगितले व आवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात, तशा रेषांनी त्याचे भाग पाडून दाखविले. आवळा कोणी पाहिला नाही? परंतु त्यावरील रेषांत भूमिती पाहण्यास आचार्यांचीच दृष्टी लागते. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली व तीत नियमांमागील युक्ती विशद केली. मात्र काही बाबतींत तेही आपल्या काळाच्या मर्यादेत राहिले. पृथ्वी स्थिर आहे व ग्रह तिच्याभोवती फिरतात, असेच ते मानीत. पुढील शतकांत हे मत मागे पडले. परंतु कारण विचारल्यावाचून काही स्वीकारू नये, ही त्यांची शिकवण मागे पडली नाही.

उतारवयातही त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची स्थिती थोड्या श्रमात काढता यावी, हा त्याचा हेतू. मोठ्या सिद्धान्तग्रंथाचा कर्ता आयुष्याच्या संध्याकाळीही सामान्य गणकाची अडचण विसरला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भास्कराचार्यांच्या मागे त्यांची विद्या त्यांच्या कुळात नांदत राहिली. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्याने आपल्या आजोबांच्या व त्यांच्या कुळातील इतर विद्वानांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे, म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. लेख बहुतांशी संस्कृतात असला, तरी शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा करही मठाला दिला, असे त्यांत म्हटले आहे. बाजारातील साध्या माणसांच्या पैशाने गणिताची शाळा चालावी आणि ती गोष्ट त्यांना समजावी म्हणून त्यांच्याच भाषेत लिहावी, यात केवढे औचित्य आहे!

मराठवाड्याच्या भूमीने या विद्येची जोपासना पुढेही केली. गोदावरीच्या काठी पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातील आजचे पाथरी, येथे ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याचा पुत्र सूर्यदास याने सोळाव्या शतकात लीलावती व बीजगणित या दोहोंवर टीका लिहिल्या. त्याच गोदाकाठच्या गोलग्रामच्या नृसिंह दैवज्ञाने पुढे सिद्धान्तशिरोमणीवर टीका रचली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने इ. स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून तिच्यातील रीतींच्या उपपत्ती दिल्या. फारसीत तिचे भाषांतर झाले. इ. स. १८१६ मध्ये टेलर याने मुंबईत व पुढील वर्षी कोलब्रुक याने इंग्लंडमध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पाटणचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणिला. इ. स. १९७९ मध्ये आकाशात सोडण्यात आलेल्या भारताच्या एका उपग्रहाला भास्कर हे नाव देण्यात आले. सातव्या शतकातील पहिले भास्कराचार्य आणि लीलावतीचे कर्ते दुसरे भास्कराचार्य, या दोघांचेही त्यात स्मरण आहे.

परंतु ग्रंथ टिकला म्हणजे त्यातील दृष्टी टिकलीच, असे होत नाही. पुढील काळात पुष्कळ ठिकाणी लीलावतीचे श्लोक तोंडपाठ करणे एवढेच उरले. सूत्र म्हणता येई, पण ते खरे का, हे सांगता येत नसे. ज्या आचार्यांनी आवळ्यावरच्या रेषा दाखवून नियम पटविला, त्यांच्याच ग्रंथाची अशी घोकंपट्टी व्हावी, हा दैवदुर्विलास होय.

आज नांदेड आणि लातूर ही विद्यार्थ्यांची नगरे म्हणून ओळखली जातात. दूरदूरच्या खेड्यांतील मुले तेथे विज्ञान व गणित शिकण्यासाठी येतात, रात्री जागवून अभ्यास करतात आणि कठीण परीक्षांत यश मिळवितात. त्यांचे श्रम कौतुकास्पद आहेत. परंतु परीक्षेतील उत्तर बरोबर आले, एवढ्यावर भास्कराचार्य आपल्या शिष्याला सोडीत नसत. ते का बरोबर आले, हे त्याला सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. काठी व सावली, कमळ व सरोवर, भुंगे व फुले, आवळा व त्यावरील रेषा ही त्यांची साधने होती. ती आजही प्रत्येक गावात, कोणत्याही मुलाला विनामूल्य मिळतात. ती डोळसपणे पाहणारा व त्यांच्याविषयी प्रश्न विचारणारा प्रत्येक विद्यार्थी हा नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या आचार्यांचाच शिष्य होय.